ताटलीवरचं फडकं

शांतवन,

परवा सांगलीत तुझी स्मरणसभा झाली. तू नव्हतास ते बरं झालं, नाहीतर मधूनच उठून गेला असतास आणि मला तुझ्या मागोमाग यावं लागलं असतं. लाउडस्पीकर भाड्यानं आणला होता. तो मधूनमधून शिट्टी मारायचा आणि सभेतलं तेवढंच काय ते उत्स्फूर्त होतं. चर्चच्या वरिष्ठांपैकी एका साहेबांनी सांगितलं की शांतवन म्हणजे विश्वासाचा खडक, शंकेचा वारासुद्धा त्याला कधी शिवला नाही. दुसऱ्यांनी तुला विश्वासवीर केलं. तिसरे तुझ्याबद्दल बोलायला उठले आणि स्वतःच्या परदेश प्रवासाबद्दल बोलून बसले. त्यांचं भाषण त्यातल्या त्यात खरं वाटलं.

मार्थावहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. खडकाचा उल्लेख झाला तेव्हा त्या माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "भाऊजी, हे कुणाबद्दल बोलतायत हो?"

मी म्हणालो, "मीही तेच शोधतोय."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मागच्या रांगेतल्या बायकांना वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. मग पदर तसाच राहिला आणि थोड्या वेळानं मागच्या बायकांचं म्हणणं खरं झालं.

सभेनंतर चहा झाला आणि चहाबरोबर ठरावही. तुझ्या कबरीवर दगड बसवायचा आणि त्यावर कोरायचं, ‘ज्याने कधी शंका धरली नाही’. वहिनींची संमती हवी होती. त्यांनी ‘विचार करून सांगते’ म्हटलं आणि घरी आल्यावर मला विचारलं, काय करू? मी मुलांना इतिहास शिकवतो. कोरलेल्या दगडांवर किती भरवसा ठेवायचा हे मला धंद्यानंच ठाऊक आहे. तरी लगेच उत्तर सुचलं नाही. म्हणून आधी तुझ्याशी बोलतो.

साताऱ्याच्या बोर्डिंगात आपण भेटलो तेव्हा तू मेढ्याकडून आलेला होतास. तुझ्या पेटीतल्या कपड्यांना ओलीचा वास यायचा आणि तुला वाटायचं, सगळ्यांच्याच कपड्यांना येतो. मंडळीत रीतसर घेण्याआधीच्या त्या दृढीकरणाच्या वर्गात आपल्याला प्रश्नोत्तरं पाठ करायला लावायचे. मी विचारलं की आदामाच्या पोराला, काइनाला, बायको कुठून मिळाली, आणि उरलेला तास मी वर्गाबाहेर व्हरांड्यात काढला. तास सुटल्यावर तू बाहेर आलास आणि म्हणालास, "मी सरांना विचारलं. बहीण असेल म्हणाले."

"तुला पटलं?"

"नाही. पण तू ताटकळत असशील म्हणून घेऊन आलो."

पुढं आयुष्यभर आपलं हेच चाललं. मी बाहेर उभा राहायचो आणि तू आतून काहीतरी घेऊन यायचास. ते मला कधी पटायचं नाही. तुला पटायचं, अशी मात्र माझी पक्की समजूत होती. मला खरं सांगायचं तर त्या समजुतीचा आधार होता. आपल्या ओळखीत एक तरी माणूस असा आहे ज्याच्यासाठी वर कुणीतरी आहे, ही सोय नास्तिकालाही लागते. घरातल्या एकानं देवाचं बघितलं की बाकीचे निर्धास्त असतात, तसं.

तू पाळक झालास, लोकांच्या भाषेत पाद्री. मी सांगलीच्या हायस्कुलात चिकटलो. आपल्या वरिष्ठांनी नकाशा न उघडताच मेढ्याच्या पावसात वाढलेल्या माणसाला आटपाडीच्या पलीकडं पाठवलं. तिथली तुझी मंडळी म्हणजे पत्र्याचं एक छोटं देऊळ, शेणानं सारवलेली जमीन, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका आणि दारात बसलेलं एखादं शेरडू. मी सुटीत यायचो आणि दाराजवळ त्या शेरडाच्या शेजारी बसायचो. उपासना ऐकायचो. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचे तुकडे फिरायचे, ती प्रभुभोजनाची ताटली आली की पुढं सरकवायचो. तू कधी एका शब्दानं बोलला नाहीस. तुझी मंडळीही बोलली नाही. "मास्तरांचं पोट बरं नसतंय," असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा संपत आला तरी तो गेला नव्हता. तुझी अख्खी मंडळी खडी फोडायला जात होती. रेशनवर गहू नव्हता, मिळायची ती परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिलो. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही. प्रभुभोजनाचा पाव सांगलीच्या बेकरीतून एस.टी.नं यायचा, तोही बंद झाला. मग वहिनी मिलोचीच भाकरी करायच्या आणि तू तिचे बारके तुकडे करून ताटलीत मांडायचास. ही बातमी वरपर्यंत गेली. सांगलीत बैठक भरली, मिलो हे धान्य शास्त्रसंमत आहे काय यावर मोठमोठ्या माणसांनी खल केला आणि तुला कळवलं की भाकर गव्हाचीच असावी. तू उलट कळवलंस, "गहू पाठवा." तो विषय तिथंच मिटला.

मे महिन्यात मी आलो त्या रविवारी प्रभुभोजन होतं. तू सगळ्यांना तुकडे वाटलेस. रिवाजाप्रमाणं पाळक शेवटी स्वतः घेतो. तू ताटली मेजावर ठेवलीस, तिच्यावर पांढरं फडकं टाकलंस आणि शेवटचं गीत सांगितलंस. मी ताटली पुढं सरकवणारा माणूस, त्यामुळं न खाणारा माणूस मला बरोबर ओळखू येतो.

दुपारी लिंबाखाली बाज टाकून पडलो होतो तेव्हा मी विचारलं, "घेतलं नाहीस."

"भूक नव्हती," तू म्हणालास.

मला हसू आलं. तू हसला नाहीस. बाजेची सुंभाची दोरी बोटानं ओढत बसलास. मग म्हणालास, "दोन-तीन महिने झाले. घेववत नाही."

"का?"

"प्रार्थना करताना मला माझाच आवाज ऐकू येतो. आधी यायचा नाही. आधी बोललेलं कुठंतरी जायचं. आता पत्र्याला लागून परत येतं."

मी कारण शोधायला लागलो. कारण शोधणं हा माझा रोग आहे. त्या उन्हाळ्यात तू फार माती दिली होतीस. खडीच्या कामावर ऊन लागून म्हातारी माणसं गेली होती, गढूळ पाण्यानं लहान पोरं गेली होती. मी म्हणालो, एवढं बघितल्यावर कुणाचाही विश्वास जाईल. तू मान हलवलीस. "तसं असतं तर देवाशी भांडलो असतो. भांडायला तरी समोर कुणी लागतं. एका पोराला माती देताना पुनरुत्थानाचं वचन वाचत होतो आणि मला माझा आवाज स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या माणसासारखा वाटला. एवढंच झालं. त्याच्यामागं काही नाही."

मग तू मला जे विचारलंस ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. तू म्हणालास, "तू इतकी वर्षं विश्वासाशिवाय कसा राहतोस रे? मला दाखव तरी. मला जमत नाहीये."

मला वाटलं, जिंकल्यासारखं वाटेल. आपल्या वादाला वीस-एक वर्षं झाली होती. प्रत्यक्षात मला भीती वाटली. मी कोरडेपणानं म्हणालो, राजीनामा दे. ज्यावर विश्वास नाही ते लोकांना वाटत बसणं बरं नाही. आमच्या शाळेत मराठीची जागा आहे. तूही तोच विचार करत होतास. तू म्हणालास, पाऊस लागला की जातो. तोवर माती द्यायला दुसरं कुणी नाही. वहिनींना सांगितलं का, विचारलं तर म्हणालास, तिला फक्त भूक लागत नाही एवढंच सांगितलंय.

म्हणजे जूनमधलं प्रभुभोजन तुझं शेवटचं. शाळा उघडायला अवकाश होता, मी थांबलो. तुला एकट्याला ते उरकायला लावणं बरं वाटलं नाही.

त्या रविवारी ऊन इतकं होतं की पत्रा तडतडत होता. तू वचन वाचलंस. आता तू सांगितल्यावर मलाही तुझा आवाज पत्र्याला लागून परत येताना ऐकू आला. तू ताटली घेऊन बायकांच्या बाजूनं निघालास. पहिल्याच चटईवर तान्हूआत्या होत्या, खडीच्या टोळीवर मुकादमालाही दम देणारी बाई. त्यांनी तुकडा उचलला, मोडला, अर्धा तोंडात टाकला आणि अर्धा परत ताटलीत ठेवला. शेजारणीनं तेच केलं. तिच्या शेजारणीनंही. तू थांबलास. काहीतरी चुकतंय असं वाटून हळूच म्हणालास, "सगळा घ्यायचा असतो, आत्या."

"व्हय व्हय, चला तुमी फुडं," आत्या म्हणाल्या.

ओळीनं सगळ्या बायकांनी अर्धा खाल्ला आणि अर्धा परत टाकला. पुरुषांना कुणी सांगितलेलं नव्हतं, पण त्यांनी बायकांकडं बघितलं आणि मुकाट्यानं तसंच केलं. माझ्यापाशी आलास तेव्हा ताटलीत मोडक्या तुकड्यांचा ढीग होता. मी नेहमीसारखी मान हलवली. तुझा चेहरा भाजल्यासारखा झाला होता.

तू मेजाशी गेलास आणि सवयीनं फडक्याला हात घातलास.

"झाकू नगासा!" आत्या बसल्या जागेवरनं ओरडल्या. "आधी खावा."

तू वळलास.

"आवं, आमी काय आंधळ्या हाय का? आज दोन-तीन टायमाला बघतोय. समद्यास्नी वाटतासा आन तुमास्नी उरलं न्हाई की वर फडकं टाकतासा. आमी बी तेच करतोय की घरात! टोपल्यात भाकर न्हाई उरली की वर फडकं टाकायचं आन म्हणायचं, मला भूक न्हाई."

तुझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. वहिनी खाली बघत होत्या. ‘भूक नाही’ हे त्यांनीच आत्यांना सांगितलं असणार, काळजीनं.

एक दाढीवाले गृहस्थ, तुमच्या मंडळीचे पंच, दबक्या आवाजात म्हणाले, "आत्या, ते पोट भरायला नसतंय. नेमाचं असतंय."

"मग कशाला असतंय?" आत्यांनी विचारलं. "उपाशी ठिवायला?"

याचं उत्तर पुढं सांगलीच्या सभेतल्या एकाही साहेबांना आलं नसतं. मी वाचलेल्या पुस्तकांतही मला नंतर सापडलं नाही.

मग तू खायला लागलास. तू एक तुकडा घेऊन भागवशील असं मला वाटलं होतं, पण सगळे डोळे ताटलीवर होते. एकेक उचलायचास आणि चावत राहायचास. मिलोची भाकरी, सकाळी केलेली, उन्हानं वाळलेली. कुणी गीत सुरू केलं नाही.  मनुका उकळून काढलेला द्राक्षरस तू घोटाघोटानं संपवलास आणि तरी ढीग उरला होता. शेवटी तुला उचकी लागली. भर प्रभुभोजनात पाळक मेजाशी उभा आणि उचक्या थांबत नाहीत! मी इतकं हास्यास्पद दृश्य कुठल्याच देवळात बघितलं नाही, आणि मला हसायला आलं नाही.

"आरं पाणी द्या की कुणीतरी," आत्या म्हणाल्या. टँकरच्या पाण्याचा तांब्या हातोहात पुढं आला. तू प्यालास. उरलेले तुकडे संपवलेस. ताटली रिकामी झाली तेव्हा आत्यांनी पदरानं तोंड पुसलं, जसं काही त्यांनीच खाल्लं होतं, आणि म्हणाल्या, "हां. आता म्हणा गीत."

दुपारी पुन्हा तीच बाज होती आणि तोच लिंब. माझ्यातला वकील जागा झाला होता. मी म्हणालो, "तू विश्वासानं खाल्लं नाहीस. लाजेनं खाल्लंस."

"हो," तू म्हणालास.

"त्यांचा गैरसमज होता."

"होता."

"मग त्यातून काय सिद्ध झालं?"

"काही नाही." मग तू म्हणालास, "पण एक आहे. मी खोटं बोललो होतो आणि त्यांनी ते खरं धरलं. मला भूक नव्हती. खाता खाता लागली."

मी म्हणालो, हे उपासनेत सांगायला ठीक आहे, वादात चालणार नाही. तू म्हणालास, मग नको चालू दे. तो वाद आपण पुढं प्रत्येक सुटीत उकरून काढला आणि प्रत्येक वेळी तुझा मुद्दा तेवढाच राहिला. मी म्हणायचो, त्या बायकांनी तुझ्यावर माया केली, त्यात वरच्याला कशाला ओढतोस? तू म्हणायचास, मी ओढत नाही, तोच तिथं बसलेला असतो, मी काय करू? यावर माझ्याकडं एक चांगलं उत्तर होतं. ते मी पुढच्या दिवाळीच्या सुटीसाठी राखून ठेवलं होतं. आता त्याचं काय करायचं ते सांग.

पाऊस लागला. तू राजीनामा दिला नाहीस. पण त्या दिवशी आभाळ फाटून तुझा विश्वास परत आला असं कुणी म्हणत असेल तर तेही खोटंच. त्या वर्षी मी तुमच्याकडं जेवायला बसलो की तू ताटावर प्रार्थना करायचास, "प्रभू, असलास तर या अन्नावर आशीर्वाद दे." वहिनी डोळे मिटून ऐकायच्या. म्हणजे तोवर तू त्यांना सगळं सांगितलं होतंस. ‘असलास तर’ पुढच्या नाताळातही होतं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी जेवायला बसलो, प्रार्थना झाली, घास तोंडात गेला आणि माझ्या लक्षात आलं.

"शांत्या, एक शब्द गाळलास."

"कुठला?"

मी सांगितला. तू हात थांबवून आठवून बघितलंस. "विसरलो वाटतं," म्हणालास आणि जेवायला लागलास.

शंका तुझ्यातून अशी गेली. हरून गेली नाही. वापरात राहिली नाही म्हणून गेली. आणि मला तुझा हेवा वाटला. हे तुझ्यापाशी कधी कबूल करायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि ते पार पडलं.

या वर्षी तुला मिरजेच्या दवाखान्यात आणलं तेव्हा पोटातलं दुखणं फार पुढं गेलं होतं. सांगलीहून मी रोज शाळा सुटल्यावर यायचो. साहेबलोक यायचे. ते तुझ्या खाटेभोवती उभे राहून वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी प्रार्थना करायचे. शेजारच्या खाटेवरचे इस्लामपूरचे एक उसाचे बागाईतदार डोळे मिटून हात जोडायचे आणि ते गेले की म्हणायचे, "लय जोरात सांगावं लागतंय वाटतं तुमच्याकडं." तू त्या अवस्थेतही हसला होतास.

मग एका संध्याकाळी तू मला जवळ बोलावलंस. आवाज अगदी बसला होता. म्हणालास, "परत आलंय रे ते. माझाच आवाज ऐकू येतोय."

मी त्या बायकांची आठवण काढली. तू डोळ्यांनीच नको म्हणालास. जुनी भाकरी आता उपयोगाची नव्हती.

"तू कर," म्हणालास.

"काय?"

"प्रार्थना."

"मी? शांत्या, माझा विश्वास नाही, तुला माहितेय."

"माहितेय. पण तुझा आवाज माझा नाही."

बोर्डिंग सुटल्यापासून मी तोंडानं प्रार्थना केली नव्हती. बागाईतदार भिंतीकडं वळून निजले, मुद्दामच असेल. मी तुझा हात धरला. ठेवणीतले शब्द मला सगळे पाठ होते, पण त्यातला एकही तोंडात येईना. मी म्हणालो, "बापा, हा शांतवन आहे. त्याला फार दुखतंय." त्याच्यापुढं मला काही सुचलं नाही.  तू वाट बघितलीस. आणखी काही येत नाही असं दिसल्यावर तू म्हणालास, "आमेन." उपासनेच्या शेवटी म्हणायचास तसं, स्पष्ट. मला धीर द्यायला म्हणालास, की तुला खरंच काही ऐकू आलं म्हणून म्हणालास, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारायचं ठरवून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी तू शुद्धीवर नव्हतास.

इथवर तुझ्याशी बोलून झाल्यावर वहिनींना सांगितलं की दगडावर नाव आणि गाव पुरे. त्या म्हणाल्या, साहेबांना काय सांगू? मी म्हणालो, सांगा, जागा कमी पडली. ‘कधी शंका धरली नाही’ असं कोरलेल्या दगडाखाली तुला निजवणं माझ्यानं होणार नाही. ज्याला शंका कधी आलीच नाही तो माणूस शेजारून गेला तरी मला काही वाटलं नसतं.

वहिनी आत गेल्यावर मी एकटाच बसलो होतो. मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची नाही हा आपल्या पंथाचा नियम तूच मला बोर्डिंगात समजावून सांगितला होतास, कारणांसकट. ती कारणं मला अजून आठवतात आणि तर्काला धरून आहेत. तरी मी केली. दोन वाक्यांची झाली. माझा आवाज कुठं गेला ते मला कळलं नाही. परत मात्र आला नाही.